पूर्वजाचा माग : चर्चनोंदी, जनगणना आणि विजयदुर्ग परिसरातील कागदपत्रे

प्रस्तावना

आपल्या घराण्याचा मूळपुरुष कोण, तो कोठून आला आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंतची साखळी कोणत्या पुराव्याने सिद्ध होते, हा प्रश्न एके काळी केवळ जिज्ञासेचा होता. कुलवृत्तांत लिहिणारे हौशी संशोधक, सेवानिवृत्त शिक्षक आणि परदेशी स्थायिक झालेली कुटुंबे यांच्यापुरतीच त्याची चर्चा मर्यादित असे. आज तशी स्थिती नाही. जात पडताळणी, सामायिक जमिनीतील हिस्सा आणि वारसहक्क यांसाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधण्याची वेळ सामान्य कुटुंबांवर येते. प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या हातातील पिशवीत याच शोधाचे कागद असतात.

पूर्वजशोधाचे शास्त्र अमेरिकेत विशेष विकसित झाले आहे आणि तेथील मार्गदर्शनपर लेखनात चर्चच्या नोंदवह्या व जनगणना ही दोन साधने पायाभूत मानली जातात. ती पद्धत जशीच्या तशी कोकणात लागू केली तर शोधकाच्या पदरी निराशा येते. नोंदी मुळीच नव्हत्या, असे या निराशेचे कारण सामान्यतः सांगितले जाते. ते बरोबर नाही. नोंदी होत्या, परंतु त्या वेगळ्या हेतूने आणि वेगळ्या ठिकाणी ठेवल्या गेल्या. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील विजयदुर्ग आणि त्याच्या आसपासचा किनारा हे क्षेत्र समोर ठेवून या फरकाचे विवेचन करणे आणि शोधाची व्यवहार्य दिशा दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील पद्धतीचा आधार

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आरंभीच्या युरोपीय कुटुंबांचा शोध सुकर होण्यामागे दोन संस्थांचा इतिहास आहे. पहिली संस्था चर्च. इंग्लंडमध्ये १५३८ साली थॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवणे सुरू झाले. कॅथलिक जगात ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहनोंदीसंबंधी नियम घालून दिले. वसाहतींत गेलेल्या लोकांनी ही सवय सोबत नेली. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंद ठेवण्याचा नियम केला. त्यामुळे सतराव्या शतकातील साध्या शेतकऱ्याचे नावही त्याच्या आईवडिलांसह सापडण्याची शक्यता निर्माण झाली.

दुसरी संस्था जनगणना. संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेने प्रतिनिधिगृहातील जागांच्या वाटपासाठी दर दहा वर्षांनी गणना आवश्यक केली आणि पहिली गणना १७९० मध्ये झाली. १८४० पर्यंतच्या गणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असे, इतरांची फक्त संख्या. १८५० पासून घरातील प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव लिहिले जाऊ लागले. गुलामगिरीत असलेल्यांची मात्र निराळ्या तक्त्यात बहुधा नावाशिवाय नोंद झाली. १८९० च्या गणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीमुळे आणि त्यानंतरच्या विल्हेवाटीमुळे नष्ट झाले. ७२ वर्षांनंतर मूळ तक्ते जनतेस खुले करण्याचा तेथे नियम आहे. त्यानुसार १९५० चे तक्ते १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले.

या तपशिलांतून एक सर्वसामान्य तत्त्व हाती येते. नोंद ठेवणाऱ्याला जे हवे असते त्याचीच नोंद होते. चर्चला आत्म्यांचा हिशेब हवा होता, म्हणून व्यक्तीचे नाव आले. राज्याला प्रतिनिधित्वासाठी संख्या हवी होती, म्हणून आरंभी केवळ प्रमुखाचे नाव पुरले. ज्यांना माणूस म्हणून मोजायचेच नव्हते त्यांची नावे गाळली गेली. कोकणातील शोधाची सुरुवात याच तत्त्वापासून करावी लागते.

भारतातील जनगणना : उपयोग आणि मर्यादा

ब्रिटिश हिंदुस्थानात पहिली व्यापक जनगणना १८७२ च्या सुमारास झाली आणि १७ फेब्रुवारी १८८१ रोजी पहिली एककालिक गणना पार पडली. त्यानंतर २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी गणना होत राहिली. तरीही भारतीय शोधकाला जनगणनेत आपला पूर्वज सापडत नाही. प्रगणकाने घरोघरी जाऊन भरलेले मूळ तक्ते येथे कालांतराने खुले होत नाहीत. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार अशा नोंदी पाहण्याचा हक्क कोणास नाही आणि त्या पुरावा म्हणून ग्राह्यही धरल्या जात नाहीत.

मग जनगणनेचा उपयोग काय? ती माणूस दाखवीत नाही, परंतु माणसाभोवतीचे गाव दाखविते. प्रसिद्ध अहवालांतून गावांची लोकसंख्या, धर्म, जाती, व्यवसाय आणि स्थलांतर यांचे आकडे मिळतात. विजयदुर्ग १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्याची निर्मिती होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते; म्हणून त्यापूर्वीचे आकडे आणि कागद रत्नागिरीच्या नावाखाली शोधावे लागतात. ही साधी बाब ध्यानात न आल्याने अनेकांचा शोध पहिल्याच पायरीवर अडतो. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी व सावंतवाडी यांना वाहिलेला असून बंदरे, जाती आणि जमीनधारा यांची पार्श्वभूमी समजण्यासाठी तो उपयुक्त आहे. सर्व जातींचा तपशील देणारी वसाहतकालीन शेवटची गणना १९३१ ची. एखादा समाज एखाद्या भागात होता किंवा नव्हता, हे या गणनांवरून ताडून पाहता येते. अमुक व्यक्ती त्या समाजाची होती, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

चर्चनोंदी आणि कोकणचा किनारा

चर्चच्या नोंदी कोकणाला अपरिचित नाहीत. गोव्यात पोर्तुगीज सत्तेखाली पॅरिशनिहाय बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवल्या गेल्या. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातील कॅथलिक कुटुंबांपैकी अनेकांची मुळे गोव्यातील गावांत असल्याने त्यांचा शोध स्थानिक चर्चपासून सुरू होऊन गोव्याकडे वळतो. धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव स्वीकारण्याची पद्धत असल्याने आडनावाचे साम्य हा रक्तसंबंधाचा पुरावा ठरत नाही, ही खबरदारी येथे आवश्यक आहे. सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. म्हणजे येथेही प्रशासकीय सीमांचा बदल लक्षात ठेवावा लागतो. याशिवाय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने कोल्हापूर, रत्नागिरी आणि पुढे वेंगुर्ले येथे केलेल्या कार्यामुळे प्रॉटेस्टंट मंडळींच्याही नोंदी निर्माण झाल्या.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील युरोपीय लोकांसाठी आणखी एक साधन आहे. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. १७०९ पासूनच्या या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

परंतु विजयदुर्ग परिसरातील बहुसंख्य कुटुंबे, मग ती गाबीत असोत, भंडारी, मराठा, कुणबी, ब्राह्मण, दलित अथवा दालदी मुसलमान असोत, चर्चच्या वहीत येणार नाहीत. दोन समकालीन व्यक्तींची तुलना केली असता हा फरक स्पष्ट होतो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १७८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील टॉलंड येथे जन्मले, १८१३ मध्ये मुंबईस आले आणि मार्च १८२६ मध्ये नाशिक परिसरातील प्रवासात मरण पावले. त्यांचे जन्मवर्ष, गाव आणि मृत्यूचे स्थळ आज कोणासही सहज सांगता येते. त्याच वर्षी विजयदुर्गच्या बंदरात एखादा तांडेल मरण पावला असेल, तर त्याच्यासाठी अशी वही नव्हती. म्हणून त्याचा माग घेण्याची वाटच निराळी आहे.

एका नावाची दोन रूपे : घेरिया आणि विजयदुर्ग

त्या वाटेकडे वळण्यापूर्वी स्थळनामाचा प्रश्न पाहणे आवश्यक आहे, कारण नोंद उपलब्ध असूनही नावामुळे ती हुकते. विजयदुर्गचे जुने नाव घेरिया. शिवाजी महाराजांनी किल्ला आदिलशाहीकडून घेतल्यावर त्याला विजयदुर्ग हे नाव मिळाले. परंतु इंग्रजी कागदपत्रांत अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत घेरिया हेच नाव वेगवेगळ्या वर्णलेखनांनी येत राहिले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्रे यांच्याकडून किल्ला घेतला, त्यासंबंधीचे इंग्रजी वृत्तान्त घेरियाचेच आहेत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील तहाने किल्ला पेशव्यांकडे आला आणि इंग्रजांस बाणकोट मिळाले. पुढे येथे पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे राहिले.

८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळप यांच्या आरमाराने रेंजर या इंग्रज जहाजावर हल्ला केला. सालबाईचा तह झालेला असताना ही लढाई झाली. जहाजावर कर्नल थॉमस फ्रेडरिक मॅकेंझी हंबरस्टन हे अधिकारी होते. ते जखमी झाले आणि ३० एप्रिल रोजी मरण पावले. स्कॉटलंडमधील सीफोर्थ घराण्याची मोठी मालमत्ता त्यांनी १७७९ मध्ये आपल्या चुलत्यांच्या शाखेकडून घेतली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती बंधू फ्रान्सिस यांच्याकडे गेली. म्हणजे एका स्कॉटिश घराण्याच्या वारसाचा दुवा विजयदुर्गात आहे. परंतु त्या घराण्याच्या वंशवृत्तात मृत्यूचे स्थान घेरिया असे येते. आधुनिक नकाशात ते नाव शोधणाऱ्यास काहीच सापडणार नाही. आणि विजयदुर्ग या नावाने शोधणाऱ्या मराठी अभ्यासकास ही नोंद दिसणार नाही. एकाच घटनेचे दोन पुरावे परस्परांना ओळख न देता पडून राहतात. प्रत्येक स्थळाची सर्व जुनी नावे आणि त्यांची वर्णलेखने यांची यादी करणे ही शोधाची पहिली पायरी मानली पाहिजे, ती याच कारणाने.

जे स्थळांचे तेच आडनावांचे. आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. धुळप हे मूळचे मोरे असल्याचे सांगितले जाते. कोकणात गावावरून ‘कर’ लावून आडनाव घेण्याची रीत सर्वत्र आहे आणि गाव सोडल्यावरच ते नाव बहुधा चिकटते. म्हणून आडनाव हे मूळ गावाचा संकेत देते, घराण्याची सलगता मात्र सिद्ध करीत नाही.

देणे आणि येणे : जमिनीचे कागद

कोकणात राज्याला माणसाच्या आत्म्याचा किंवा मताचा हिशेब नको होता. त्याला साऱ्याचा हिशेब हवा होता. म्हणून सामान्य माणसाचे नाव जमिनीच्या आधाराने कागदावर आले. शोधकाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. आपला पूर्वज कोणाचे देणे लागत होता? आणि कोणाकडून त्याचे काही येणे होते? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या दप्तरांत असतील तेथेच तो पूर्वज सापडेल.

शोध नेहमी वर्तमानाकडून भूतकाळाकडे न्यावा. पहिला कागद सात-बारा उताऱ्याचा. त्यावरील फेरफार क्रमांक हा खरा दुवा असून त्यावरून गाव नमुना ६ मधील फेरफाराची मूळ नोंद मिळते. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. वारस फेरफारात मयत खातेदाराचे नाव, मृत्यूची तारीख किंवा वर्ष आणि वारसांची नावे नात्यासह लिहिलेली असतात. पिढीचा दुवा जोडणारा याहून थेट कागद सामान्य कुटुंबाकडे क्वचितच असतो.

हे कागद वाचताना त्यांतील मौन समजून घ्यावे लागते. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असे लिहिलेले असेल, तर त्यामागे नोंद न झालेले भाऊ असण्याची शक्यता असते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमापूर्वीच्या वारस नोंदींत मुलींची नावे सहसा येत नाहीत. त्यावरून मुली नव्हत्या असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या रिवाजामुळे एकच नाव एक पिढी सोडून पुन्हा येते. त्यामुळे सत्तर-ऐंशी वर्षांच्या अंतराने आलेली दोन सारखी नावे एकाच व्यक्तीची समजली जातात आणि मधल्या दोन पिढ्या वंशावळीतून गळून पडतात.

हक्कनोंदणीच्या आधीच्या काळासाठी खोती गावांत आणखी एक साधन मिळते. १८८० च्या खोत कायद्याच्या अंमलात तयार झालेल्या बोटखतात खोतांच्या गावातील कुळांची नावे, त्यांच्याकडील जमीन आणि त्यांचे देणे यांचा तपशील असतो. १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली, तरी हे जुने कागद कुळाच्या वंशजांसाठी महत्त्वाचे राहिले आहेत. ज्या व्यवस्थेने कुळाला दबवून ठेवले त्याच व्यवस्थेच्या कागदात त्याचे नाव टिकले, हा इतिहासाचा विरोधाभास येथे नोंदविण्याजोगा आहे.

जमीन नसलेल्या कुटुंबांसाठी गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही अथवा कोतवाल बुक, आणि प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर ही दोन साधने उरतात. जन्मनोंदीत पुष्कळदा बालकाचे नाव नसते. बापाचे नाव, मुलगा की मुलगी आणि जात एवढेच असते. शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव, जात व जन्मतारीख असते, परंतु ती तारीख प्रवेशाच्या सोयीने गुरुजींनी घातलेली असण्याचा संभव मोठा. १ जून रोजी जन्मलेल्यांची पिढीच्या पिढी महाराष्ट्रातील प्रत्येक कार्यालयाला परिचित आहे. जन्मतारखेसाठी या रजिस्टरवर विसंबणे धोक्याचे. त्या वर्षी मूल शाळेत होते आणि त्याचा पालक कोण होता, यासाठी मात्र ते विश्वसनीय मानता येते.

पेशवे दप्तर, मोडी आणि कालगणना

एकोणिसाव्या शतकाच्या मागे जायचे तर शोधकाला पुणे पुराभिलेखागाराकडे वळावे लागते. तेथील पेशवे दप्तरात आरमार, किल्ले, इनामे आणि वतने यांचे असंख्य मोडी कागद आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले. शोध या छापील भागांपासून सुरू करणे सोयीचे असते.

वंशशोधाच्या दृष्टीने विशेष मोलाचे कागद इनाम कमिशनचे आहेत. १८५२ च्या कायद्याने या कमिशनला इनामांच्या चौकशीचे अधिकार मिळाले. इनामदारास आपला हक्क मूळ धारकापासून कसा चालत आला हे दाखवावे लागे. त्यामुळे कैफियतींमध्ये वंशावळी दाखल झाल्या. परंतु त्या हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या आहेत. लाभ असलेल्या पक्षाने दिलेली वंशावळ म्हणून त्या सावधपणे वाचल्या पाहिजेत. शिवाय या दप्तरात वतनदार, अधिकारी आणि इनामदार यांचीच नावे प्रामुख्याने येतात. सामान्य दर्यावर्दी बहुधा संख्येत मिसळून जातो. अमेरिकेच्या आरंभीच्या जनगणनेतील कुटुंबप्रमुख आणि आरमारी कागदांतील सरदार यांची स्थिती या बाबतीत सारखीच आहे.

मोडी वाचता आली तरी कालगणनेचा अडथळा राहतो. शके वर्षात ७८ मिळविले, आणि वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळविले, की इसवी सन येतो. पेशवाईतील पत्रांत मात्र शुहूर सन अरबी शब्दांत लिहिला जातो. ‘सन सल्लास समानीन मया व अलफ’ म्हणजे तीन, ऐंशी, शंभर आणि हजार, अर्थात ११८३. त्यात ५९९ मिळविल्यास १७८२ येतात. हे वर्ष मृगाच्या प्रारंभी, म्हणजे जूनच्या आरंभी बदलत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. म्हणून रेंजरवरील हल्ल्याचा एप्रिल १७८३ हा काळ शुहूर ११८३ मध्येच पडतो. एका वर्षाची अशी चूक क्षुल्लक वाटते. परंतु बाप आणि मुलगा यांच्या कारकिर्दी वेगळ्या करताना तीच निर्णायक ठरते.

क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आणि गावऱ्हाटी

राज्याच्या दप्तराबाहेरही नोंदी होत्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी अशा क्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गाव, जात आणि कुलवार लिहिली जात. यात्रेकरू स्वतःच्या बापाचे, आजोबांचे, भावांचे आणि मुलांचे नाव सांगत असे आणि पुढच्या पिढीतील यात्रेकरू त्याच पानावर भर घालीत असे. चर्चच्या वहीला भारतीय समाजाने दिलेला हा सर्वांत जवळचा पर्याय म्हणता येईल. हरिद्वार आदी ठिकाणच्या अशा वह्यांचे अमेरिकेतील यूटाच्या वंशशास्त्र संस्थेने १९७७ पासून सूक्ष्मचित्रण केले, यावरून त्यांचे महत्त्व ध्यानात येते. अर्थात ज्यांना तीर्थयात्रा परवडली किंवा ज्यांना क्षेत्रात प्रवेश होता त्यांच्याच नोंदी येथे आहेत. मुस्लिम कुटुंबांसाठी जमातीकडील निकाहाच्या नोंदी याच प्रकारे उपयोगी पडतात.

सिंधुदुर्गातील गावऱ्हाटी हे आणखी एक साधन आहे, मात्र ते लिखित नाही. देवस्थानातील मान कोणत्या घराण्याचा, त्यातही कोणत्या घराचा पहिला, पालखीस खांदा कोण देतो, मूळपुरुषाच्या स्थळावर नारळ कोण ठेवतो, या क्रमात वडील आणि धाकट्या शाखांचा इतिहास साठविलेला असतो. मानाचा वाद न्यायालयात गेला असेल तर साक्षींच्या रूपाने तो लेखी स्वरूपातही मिळतो. मुंबईत दोन-तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला आपली शाखा ओळखण्यासाठी जत्रेतील हा क्रम अनेकदा सात-बाराइतकाच मार्गदर्शक ठरतो.

परंपरा आणि पुरावा

मौखिक परंपरेला किती महत्त्व द्यावे, याचे उत्तम उदाहरण विजयदुर्गातच आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून गेला. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून नॉर्मन लॉकियर यांनी येथून ग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. विज्ञानाच्या इतिहासातील नोंदी निराळे सांगतात. ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूर येथे होते, तर लॉकियर इंग्लंडमध्ये होते. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी तेथूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या तेजःशृंगांचा वर्णपट पाहिला. वर्णपटातील पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली आणि पृथ्वीवर हेलियम १८९५ मध्ये रॅम्से यांना मिळाला.

या परंपरेत ग्रहणाची स्मृती खरी आहे. नाव मात्र प्रसिद्ध व्यक्तीचे जोडले गेले आहे. घराण्यांच्या कथांतही नेमके हेच घडते. पूर्वज आरमारात होता, ही आठवण खरी असू शकते. तो थेट आंग्र्यांचा सरदार होता, ही भर नंतरची असू शकते. म्हणून परंपरा टाकून देऊ नये आणि तिला उत्तरही मानू नये. तिला प्रश्न मानून कागदांकडे जावे.

कायद्यानेही यासंबंधी एक सुज्ञ भेद केला आहे. मृत व्यक्तीने नातेसंबंधाविषयी केलेले विधान वाद उपस्थित होण्यापूर्वीचे असेल तर ते विचारात घेता येते. हे तत्त्व १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. जुन्या पत्रातील, लग्नपत्रिकेतील किंवा श्राद्धाच्या टिपणातील नातेवाचक उल्लेख म्हणूनच मोलाचा. प्रमाणपत्रासाठी काल तयार केलेली वंशावळ तितकी मोलाची नाही.

आजचे महत्त्व

महाराष्ट्रातील जात पडताळणीची व्यवस्था २००० च्या अधिनियमाने निश्चित झाली. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे जातीचे आणि वास्तव्याचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींसाठी जुनी महसुली आणि शालेय दप्तरे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची उणीव साऱ्या राज्यास जाणवली.

येथे एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. निष्कर्ष आधी ठरवून नोंद नंतर शोधली की कोणत्याही गावात हव्या त्या नावाचा पूर्वज मिळतो. सारखे नाव आणि सारखे आडनाव असलेल्या परक्या माणसाला पणजोबा ठरविणे सोपे असते. त्यातून खोटे प्रमाणपत्र निर्माण झाल्यास शिक्षेची तरतूद आहेच. शिवाय ज्याचा तो खरा पणजोबा त्याच्या वंशजांचा हक्कही धोक्यात येतो. याउलट खरा हक्कदार केवळ कागद वाचता न आल्याने वंचित राहतो, हा अन्यायही तितकाच मोठा आहे. जमीन नसलेल्या आणि शाळेत उशिरा पोहोचलेल्या कुटुंबांकडे कागद सर्वांत कमी असतात आणि प्रमाणपत्राची गरज मात्र त्यांनाच सर्वाधिक असते.

या दोन्ही टोकांपासून वाचविणारे नियम थोडे आहेत. एका वेळी एकच पिढी मागे जावे. प्रत्येक पिढीच्या दुव्यास परस्परांपासून स्वतंत्र असे किमान दोन पुरावे असावेत; एकाच जबानीवरून तयार झालेले दोन कागद हा एकच पुरावा होय. केवळ नाव जुळणे पुरेसे नाही. नाव, गाव, जमीन आणि नाते यांपैकी किमान तीन बाबी जुळाव्यात. न जुळणारा कागद लपवू नये, त्याची नोंद करावी. आणि जेथे साखळी तुटते तेथे थांबावे.

निष्कर्ष

चर्चनोंदी आणि जनगणना या साधनांनी अमेरिकेतील पूर्वजशोध घडविला, कारण तेथील संस्थांना व्यक्ती नोंदवायची होती. विजयदुर्ग परिसरात जनगणना गावाची पार्श्वभूमी देते आणि चर्चनोंदी मर्यादित समाजासाठीच उपयोगी पडतात. सामान्य माणूस मात्र सारा, कूळ, वतन, यात्रा आणि मान यांच्या नोंदींत सापडतो. पद्धतीचा गाभा दोन्हीकडे एकच आहे : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे आणि नोंद कोणी, केव्हा, कशासाठी केली हे विचारणे.

महाविद्यालयांना या क्षेत्रात करण्याजोगे काम स्पष्ट आहे. इतिहास आणि मराठी विभागांनी संयुक्तपणे मोडी लिपीचे वर्ग चालवावेत. विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील जुन्या स्थळनामांची, आडनावांची आणि जीर्ण होत चाललेल्या शालेय रजिस्टरांची सूची करून घ्यावी. कोकणच्या दमट हवेत आणि वाळवीच्या तोंडी दरवर्षी काही पाने नाहीशी होतात. त्या पानांत ज्याचे नाव एकदाच आले आहे त्याच्यासाठी दुसरी वही कोठेही नाही.